ट्रायटन बघण्यात गेलेला दिवस

आज सुट्टी होती. जवळजवळ सगळा दिवस व्हॉयेजर-२ या नासाच्या अवकाशयानाने काढलेले ट्रायटनचे फोटो बघत बसलो आणि अजून डोक्यातून जात नाहीयेत.

ट्रायटन म्हणजे नेपच्यूनचा सर्वांत मोठा चंद्र. २५ ऑगस्ट १९८९ ला यान त्याच्यापासून साधारण ४० हजार किलोमीटरवरून गेलं. तिथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सुमारे ९०० पट क्षीण. कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार आणि यान तर सुसाट पळतंय. मग फोटो हलू नये म्हणून अख्खं यानच लक्ष्याकडे हळूहळू वळवत नेलं! १९७७ साली उडालेल्या यानाकडून हे करून घेणाऱ्यांपुढे खरंच हात जोडावेसे वाटतात.

एका फोटोवर तर मी बराच वेळ अडकलो. फिकट गुलाबी बर्फावर काळसर ओरखडे, बरेचसे एकाच दिशेने ओढल्यासारखे. उणे २३५ अंशांत, जिथे नायट्रोजनसुद्धा दगडासारखा गोठलेला, तिथे चक्क कारंजी उडत होती. सरळ ८ किलोमीटर वर जायची आणि मग विरळ वाऱ्याबरोबर आडवी वाहायची. ते ओरखडे म्हणजे त्यांच्यातून खाली पडलेली काळी धूळ. एवढ्या थंडीत एखादं जग इतकं जिवंत असेल, असं आधी कुणाला वाटलं होतं?

त्यानंतर तिकडे एकही यान गेलेलं नाही. निम्म्याहून जास्त ट्रायटन आपण अजून जवळून पाहिलेलाच नाही. ट्रायडेंट नावाच्या मोहिमेचा प्रस्ताव होता, पण २०२१ मध्ये नासाने त्याऐवजी शुक्राच्या दोन मोहिमा निवडल्या. शुक्रही महत्त्वाचाच, मान्य. तरी मला फार वाईट वाटलं.