आबांच्या पिशवीतली पुडी

कोल्हापुरात नर्सिंग करून मला बरीच वर्षं झाली, पण राधानगरीकडच्या या आबांची रात्र काही डोक्यातून जात नाही. लघवीचं इन्फेक्शन, थंडी वाजून ताप, वजन जेमतेम 50 किलो, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर घातलेला. दुसऱ्या रात्री दहाचा अ‍ॅमिकासिन या अँटिबायोटिकचा 750 मिलिग्रॅमचा डोस 100 एमएल सलाईनमध्ये घालून मी स्टँडला अडकवायला गेले आणि सहज युरोबॅगकडं, म्हणजे लघवी साठायच्या पिशवीकडं बघितलं तर सहा तासात 80 एमएल, तेही गडद चहासारखं. किलोमागं तासाला अर्धा एमएल तरी लघवी पाहिजे, म्हणजे निदान 150 तरी हवी होती.

आधी नळी कुठं वाकलीय का बघितलं, ओटीपोट दाबून बघितलं, मऊ होतं, म्हणजे अडलेलं काही नव्हतं, लघवीच तयार होत नव्हती. जीभ कोरडी ठाक. "आबा, पाणी पिताय का?" तर म्हणाले, "इच्छाच न्हाय बघा." मग विचारलं घरचं काही औषध घेताय का, तर उशाखालून कापडी पिशवी काढली, त्यात तंबाखूची डबी आणि कागदाच्या पुडीत डायक्लोफेनॅकच्या दुखण्याच्या गोळ्या, गुडघ्यासाठी, दिवसाला तीन. बीपीची गोळी टेल्मिसार्टनची, त्यात लघवी जास्त करवणारं औषधही मिसळलेलं, ती तर आमच्याच चार्टवर चालू होती. माझ्या पोटात गोळाच आला. ही तिन्ही औषधं एकत्र म्हणजे किडनीवर ताण, त्यात अंगात पाणी नाही आणि वरून अ‍ॅमिकासिन. अ‍ॅमिकासिनचं तर असं आहे की बऱ्याचदा लघवी नीट होत राहते आणि आत रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, गुपचूप वाढत असतं, किडनी काही दुखून सांगत नाही.

डोस लावला नाही. रात्रपाळीच्या सरांना फोन करून सगळं सांगितलं, ते आल्यावर पुडी दाखवली. अ‍ॅडमिशनला 1.2 असलेलं क्रिएटिनिन 1.9 आलं. अ‍ॅमिकासिन, डायक्लोफेनॅक आणि ती बीपीची गोळी तिन्ही बंद झालं, सलाईन वाढवलं, अँटिबायोटिक बदललं. मी दर तासाला बॅग मोजून लिहीत बसले, सलाईन जास्त होऊन छातीत घरघर तर येत नाही ना तेही बघत होते. पहाटे चारला एका तासात 40 एमएल दिसलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पाचव्या दिवशी क्रिएटिनिन 1.3 वर आलं. घरी जाताना आबांनी पुडीवर मोठ्या अक्षरात 'घ्यायची नाही' लिहून मागितलं आणि म्हणाले, "आमची म्हातारीबी ह्याच खाती की, तिला तर शुगरबी हाय." आजी शेजारीच उभी होती. मी तिला तिथंच खुर्चीवर बसवलं आणि सरांना हाक मारली.