तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॅट ग्राहकच भरतो, मग छोट्या विक्रेत्यांची तक्रार कसली?

युरोपातल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांनी व्हॅटच्या (मूल्यवर्धित कराच्या) नियमांविरुद्ध ‘ईयू व्हॅट ॲक्शन’ ही मोहीम चालवली, तिचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. कर ग्राहकाच्या खिशातून जातो, विक्रेता तो फक्त गोळा करून सरकारजमा करतो, मग एवढा आरडाओरडा कशाला? प्रश्न वाजवी आहे. तक्रार होती ती त्या गोळा करण्याबद्दलच.

२०१४ संपेपर्यंत युरोपीय संघातल्या कंपनीने सामान्य ग्राहकाला डिजिटल सेवा विकली, की त्यावर विक्रेत्याच्या देशाचा व्हॅट लागायचा. साहजिकच मोठ्या कंपन्यांनी लक्झेंबर्गमध्ये बिऱ्हाड थाटलं, कारण तिथला मूळ दर १५ टक्के आणि ई-पुस्तकांवर तर ३ टक्केच होता. १ जानेवारी २०१५ पासून ग्राहकाच्या देशाचा दर लागू झाला. ही पळवाट बुजवायलाच हवी होती, आणि मोहिमेचा आक्षेप या तत्त्वाला नव्हताही.

घोळ झाला तो मर्यादेचा. ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाची उलाढाल ८१,००० पौंडांच्या आत असेल तर व्हॅटसाठी नोंदणीच करावी लागत नसे. सीमेपलीकडच्या डिजिटल विक्रीला मात्र अशी कुठलीच सूट नव्हती. विणकामाच्या नमुन्याची दोन युरोंची एक पीडीएफ जर्मनीतल्या कुणी विकत घेतली, की जर्मनीचा व्हॅट भरणं आलंच. स्पेनसारख्या देशात देशांतर्गत विक्रीलाही सूट नव्हती, त्यामुळे तिथला छोटा विक्रेता आधीपासूनच नोंदलेला असे. सगळ्यात मोठी ओरड ब्रिटनमधून झाली, त्याचं हे एक कारण.

मुळात हा नियम मंजूर झाला फेब्रुवारी २००८ मध्ये, आणि लागू झाला सात वर्षांनी. मंजूर झाला तेव्हा ॲपलचं ॲप स्टोअरसुद्धा सुरू झालेलं नव्हतं. घरबसल्या ई-पुस्तकं, नमुने आणि ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम विकणारा माणूस नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असणं अवघडच होतं. आणि त्या माणसालाही नियमाचा पत्ता लागला तो बहुतेक वेळा २०१४ च्या अखेरच्या काही आठवड्यांत.

यावर सरकारी उत्तर असं होतं, की प्रत्येक देशात वेगळी नोंदणी करायची गरज नाही, ‘मिनी वन स्टॉप शॉप’ म्हणजे ‘मॉस’ आहे. आपल्याच देशात नोंदणी करायची, दर तिमाहीला एकच रिटर्न भरायचं, पैसे पुढे वाटले जातील. ऐकायला सोपं. पण ब्रिटनमध्ये मॉससाठी आधी देशांतर्गत व्हॅट नोंदणी लागत होती. म्हणजे दोन युरोंच्या जर्मन विक्रीपायी घरच्या ग्राहकांवरही २० टक्के लावायची वेळ येणार होती. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश कर खात्याने मर्यादेखालच्या विक्रेत्यांना देशांतर्गत विक्रीवर कर न लावता मॉसपुरती नोंदणी करायची मुभा दिली. मोहिमेचं हे पहिलं यश.

खरा त्रास पुराव्यांचा. ग्राहक कुठल्या देशात राहतो हे सिद्ध करायला परस्परांशी जुळणारे दोन पुरावे लागायचे: बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँकेचा तपशील, सिमकार्डचा देश कोड, लँडलाइनचं ठिकाण, असे. फ्रान्सचा रहिवासी इटलीत सुट्टीवर असताना खरेदी करतो. आयपी इटलीचा, कार्ड फ्रान्सचं. आता बिलाचा पत्ता हाताशी असेल तर दोन पुरावे फ्रान्सचे होतात आणि काम निभतं. पण पीडीएफ पाठवायला पत्ता लागतोच कुठे? तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. छोट्या दुकानाच्या पेमेंट बटणातून कित्येकदा एकच माहिती मिळायची, तीही पैसे जमा झाल्यावर. मोठी कंपनी यासाठी स्वतःची यंत्रणा उभारते. एकट्या माणसाने कुणाकडे जायचं? शिवाय ही सगळी माहिती दहा वर्षं जपून ठेवायची, म्हणजे ग्राहकांच्या खासगी माहितीची राखणही गळ्यात.

आता किमतीचं बघा. सगळ्यांना करासह १० युरो अशी एकच किंमत ठेवली, तर २७ टक्के दराच्या हंगेरीतल्या विक्रीतून हातात ७.८७ युरो उरतात आणि लक्झेंबर्गच्या, २०१५ पासूनच्या, १७ टक्क्यांनी ८.५५. कर वेगळा लावायचा म्हटलं तर ग्राहकाचा देश आधी कळायला हवा, आणि तो कळतो शेवटी. रिटर्न तिमाही संपल्यापासून २० दिवसांत भरायचं. एकही विक्री नसली तरी कोरं रिटर्न भरायचंच. विनिमय दर विक्रीच्या दिवसाचा चालत नसे, तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर घ्यावा लागे. त्यामुळे रोजच्या हिशेबाची वही आणि रिटर्न कधी जुळायचंच नाही. यात चूक नसते, पण ते समजेपर्यंत माणूस रात्र रात्र फरक शोधत बसतो.

विनोदी भाग वेगळाच. नियम ‘आपोआप पुरवल्या जाणाऱ्या’ सेवांना लागू होता. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार तीच पीडीएफ यंत्रणेने आपोआप ईमेल केली तर डिजिटल सेवा, आणि विक्रेत्याने स्वतः बसून हाताने जोडून पाठवली तर नाही. ध्वनिमुद्रित वर्ग नियमात, थेट शिकवलेला वर्ग नियमाबाहेर. अनेकांनी मग ऑटोमेशन बंद करून हाताने ईमेल पाठवायला सुरुवात केली. काहींनी दुसऱ्या देशांतल्या ग्राहकांना माल देणंच थांबवलं; एकसंध बाजारपेठेसाठी केलेल्या कायद्याचं हे फळ! काही जण मोठ्या प्लॅटफॉर्मच्या आडोशाला गेले, कारण पैसे घेणं, माल पोचवणं किंवा विक्रीच्या अटी प्लॅटफॉर्म ठरवत असेल तर कायद्याच्या नजरेत विक्रेता तोच, व्हॅटही त्यानेच भरायचा. सोय झाली, पण कमिशन गेलं ते गेलंच, आणि ज्यांना चाप लावायचा होता त्यांच्याकडेच गिऱ्हाइकं वळली.

‘ईयू व्हॅट ॲक्शन’ मोहीम स्वयंसेवकांनी चालवली. माझ्या मते तिचं बळ तिच्या मागणीच्या नेमकेपणात होतं. ‘कायदा रद्द करा’ या घोषणेने काही साधलं नसतं. करविषयक निर्णयाला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं, आणि तेव्हा देश २८ होते. उलाढालीची मर्यादा द्या, पुराव्यांची अट सैल करा, या मागण्यांवर मात्र अधिकाऱ्यांना बोलता येतं. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय आयोगाचा प्रस्ताव आला, ५ डिसेंबर २०१७ ला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने तो मंजूर केला, १ जानेवारी २०१९ पासून तो लागू झाला. इतर सदस्य देशांतली एकूण डिजिटल विक्री वर्षाला १०,००० युरोंच्या आत असेल तर आपल्याच देशाचे नियम लागू. त्यापुढे १,००,००० युरोंपर्यंत एकच पुरावा पुरेसा, पण तो पेमेंट कंपनीसारख्या तिसऱ्याने दिलेला हवा. ग्राहकाने स्वतः भरलेला पत्ता त्यात चालत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१०,००० युरो ही मर्यादा मला तोकडीच वाटते. महिन्याला साडेआठशे युरोंच्या आत राहणाऱ्याचा तो धंदा कमी आणि जोडउत्पन्न जास्त. तीही ब्रिटिश विक्रेत्यांना जेमतेम दोन वर्षं लाभली, कारण ती फक्त संघातल्या विक्रेत्यांसाठी आहे. ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ संपल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, ते पहिल्या विक्रीपासून पुन्हा पूर्ण नियमांखाली आले.

१ जुलै २०२१ पासून हीच मर्यादा इतर देशांतल्या ग्राहकांना पाठवलेल्या मालालाही, डिजिटल विक्रीसह एकत्र धरून, लागू झाली. पूर्वी मालासाठी प्रत्येक देशाची ३५,००० किंवा १,००,००० युरोंची वेगळी मर्यादा होती, म्हणजे माल विकणाऱ्याचं पारडं उलट हलकं झालं. १ जानेवारी २०२५ पासून मात्र संघातल्या छोट्या विक्रेत्याला दुसऱ्या सदस्य देशाची स्थानिक सूटही, म्हणजे तिथल्या छोट्या व्यावसायिकांना मिळणारी व्हॅटमाफी, मागता येते. त्यासाठी आपल्या देशात आधी अर्ज करून शेवटी ‘ईएक्स’ (EX) ही अक्षरं असलेला क्रमांक घ्यायचा आणि दर तिमाहीला उलाढाल कळवायची. खरेदीवर भरलेला व्हॅट मात्र त्या विक्रीपुरता परत मिळत नाही.

या सवलतीत सगळ्यात जास्त फसगत दोन आकड्यांच्या सरमिसळीने होते. १०,००० युरो मोजताना फक्त सीमेपलीकडची विक्री धरायची. नव्या सवलतीची १,००,००० युरोंची मर्यादा मोजताना घरच्या देशासकट संपूर्ण संघातली उलाढाल धरायची, आणि शिवाय ज्या देशात सूट हवी तिथली स्थानिक मर्यादाही पाळायची. १,००,००० ओलांडले की सवलत त्याच क्षणी संपते आणि १५ कामकाजाच्या दिवसांत तसं कळवावं लागतं.