जीपचा नको, अँबॅसिडरचाच

"जीपचा एक्सल घाल, जन्मात मोडायचा नाही." घरी गाडी बनवतोय, तिला मागचा एक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा आडवा दांडा, कुठला घालू असं गोव्यात डिचोलीपासून साखळीपर्यंत ज्याला म्हणून विचारलं त्याने मला हेच सांगितलं. आमच्या भागात ते साहजिकही आहे. खाणी चालू होत्या तेव्हा इथे जीपगाड्यांना तोटा नव्हता. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि त्यातल्या कितीतरी शेडच्या मागे गवतात उभ्या राहिल्या. माल समोर आहे, स्वस्त आहे, दणकट आहे. तरी मी तो घेतला नाही, आणि का नाही हे इतक्या जणांना तोंडी सांगून झालंय की आता लिहूनच टाकतो.

गाडी आधी सांगतो. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरच्या धर्तीवर घरी केलेली हॉट रॉड, म्हणजे जुन्या घाटाच्या हलक्या गाडीत जोरदार इंजिन. चौकोनी पाइपची चासी, पत्रा ठोकून बॉडी, आणि कॉन्टेसा गाडीतून काढलेलं इसुझूचं १८०० सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससकट. मूळ ३२ च्या फोर्डमध्ये इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळीतून जातो, दुसरा गिअरबॉक्स त्याला सहज जुळत नाही, त्यामुळे अमेरिकेतले हौशी लोकसुद्धा तो एक्सल काढून टाकतात आणि बहुतेकदा फोर्डचाच 'नऊ इंची' शोधतात. १९५७ ते १९८६ या काळात निघालेला तो एक्सल; त्याचा डिफरन्शियलचा, म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा, अख्खा गोळा पुढून बाहेर येतो, म्हणजे टेबलावर ठेवून निवांत सेट करता येतो. तो इथे मागवायचा तर बोटीचं भाडं आणि ड्युटी भरताना इंजिनाचे पैसे संपतील. तेव्हा तो विषय तिथेच संपला.

जीपची पहिली अडचण म्हणजे गोळा मध्यावर नाही. मूळ विलीज जीपच्या डिझाइनमध्ये ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, शाफ्ट उजव्या अंगाने निघतो, म्हणून मागचा गोळाही उजवीकडे सरकवलेला. माझा गिअरबॉक्स गाडीच्या बरोबर मध्ये. शाफ्ट तिरका टाकला तर त्याच्या टोकाचे सांधे, युनिव्हर्सल जॉइंट, रोज शिव्या देणार. दुसरी आणि मोठी अडचण रेशोची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो त्याची. जुन्या सीजे-थ्रीबी जीपचा रेशो ५.३८, म्हणजे गोळ्यातल्या मोठ्या गिअरला, क्राऊनला, ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८. माझे टायर २७ इंच व्यासाचे. ताशी ८० ला चाक मिनिटाला साधारण ६२० वेळा फिरतं. त्याला ५.३८ ने गुणा: डायरेक्ट म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,३०० फेऱ्यांच्या वर ओरडत राहणार. चढावर भरलेली गाडी ओढायला तो रेशो आहे. माझ्या गाडीचं वजन आठशे किलोच्या आत राहील, तिला तो कशाला? वर तो लोखंडाचा गोळा स्प्रिंगच्या खाली लोंबणार, म्हणजे खड्ड्यात गाडी उडणार ती वेगळीच.

अँबॅसिडरचं नाव काढलं की लोक हसतात. पण पाच माणसं, डिकीत सामान, वर कॅरिअर, आणि तशी वर्षानुवर्षं टॅक्सी चालवलेला हा एक्सल आहे. १९९० च्या दशकात याच गाडीत कंपनीने इसुझूचं १८०० इंजिन घातलं होतं, म्हणजे ताकदीची परीक्षा माझ्याआधी कोणीतरी घेऊन झाली आहे. शिवाय याचाही गोळा पुढून निघतो. गरिबाचा नऊ इंचीच म्हणा.

म्हापशाच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे मिळाला. "हो घे बाब, आवाज ना," म्हणजे हा घे, आवाज नाही, म्हणाला. जमिनीवर पडलेल्या एक्सलला आवाज कुठून येणार! खराब क्राऊन-पिनियनचा आवाज दाबायला आत लाकडाचा भुसा घालायची युक्ती जुनी आहे, म्हणून मी आधी तेल बघायचं ठरवलं. त्यातही भरायचा बोल्ट पहिल्यांदा सैल करायचा आणि मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल तर खालून काढलेलं तेल परत भरणार कुठून? तेल काळं होतं पण दुधाळ नव्हतं. पावसात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं तेल चहासारखं होतं, तसं दिसलं की पुढे बघूच नये. बोटावर चोळलं तर करडा लेप लागला. कपची एकही नाही. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, मात्र मातीने पूर्ण बुजला होता. तो बुजला की आतली गरम हवा तेल अडवणाऱ्या सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि ब्रेक लायनिंग भिजतात. दोन्ही ड्रम आतून तेलकट होते ते त्यामुळेच.

रेशो मोजायला गोळा उघडावा लागत नाही. एक ड्रम त्याच्या पोराने पायाने दाबून धरला, दुसरा मी बरोबर दोन फेरे फिरवला आणि पिनियनच्या फ्लँजवर, जिथे शाफ्ट जोडतात तिथे, खडूची खूण बघत राहिलो. साडेचार फेरे आणि वर थोडं. घरी उघडल्यावर दात मोजले: ४१ आणि ९, म्हणजे ४.५६. ताशी ८० ला २,८२० च्या आसपास, पाचव्यात त्याहून कमी. ३.९ मिळाला असता तर जास्त आवडलं असतं, पण चालेल.

हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, वाकलंय का हे बघायला दोन्ही ड्रमवर सरळ अँगल बांधले आणि पुढचं-मागचं अंतर टेपने घेतलं. फरक दोन मिलिमीटरच्या आत. रुंदीही जमते: चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत त्रेपन्न इंचांच्या जवळपास, त्यामुळे सात इंची टायर बॉडीबाहेर अजागळ दिसणार नाहीत. एक वेळ जीपचा एक्सलही परवडेल, पण बैलगाडीसारखी फाकलेली चाकं मला बघवत नाहीत.

एका शाफ्टवर सील बसतं तिथे चर पडली आहे. कुंडईच्या लेथवाल्याला दाखवली. तो तिथे पातळ बुश चढवून देतो म्हणाला.

खरं काम पुढे आहे. माझी चासी अरुंद, त्यामुळे स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून आत सरकवायच्या. सगळी गाडी वजनावर उभी केल्यावरच पिनियनचा कोन ठरवायचा आणि तोवर वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंग एका दमात केलं तर तापून हाउसिंग केळ्यासारखं वाकतं, म्हणून इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. सील आणि बेअरिंग त्याआधी बाहेर.

आणि हो, "आरटीओ पास करेल का?" असं विचारणाऱ्यांना: नाही. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बजावूनही सांगितलंय. ही गाडी आमच्या काजूच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, रस्त्यावर फिरेल, पणजीत नाही.

आता चवथीपर्यंत बैठका लागल्या की हँडब्रेकच्या केबलचं बघतो. मूळ केबल या चासीला लांब पडते, आणि कापून जोडलेली केबल मी लावणार नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात मापाची करून मिळते का, ते विचारून ठेवलंय.