आमची वाटचाल: चादर आटली, फ्रेम वाकली

सहा कॅनव्हास, प्रत्येकी ४ बाय ३ फूट, एका हॉटेलच्या जेवणघरासाठी. काम ड्रॉइंगच्या बाईंचं: ॲक्रिलिक रंग, त्यावर सोलापुरी चादरीचे तुकडे, मधूनमधून सुतळी आणि जुन्या हिशेबवहीची पानं. देवादिकांचे फोटो मढवणाऱ्या आमच्या दुकानाला कॅनव्हास ताणायला लावलं ते याच बाईंनी. चित्रं भिंतीवर लागली आणि आठव्या दिवशी हॉटेलातून फोन: कॅनव्हासमागच्या लाकडी पट्ट्या आत ओढल्या गेल्यात, चादरीच्या कडा सुटल्यात. पैसे अडकले. त्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं गावभर केलं, "त्यांच्या फ्रेमा वाकतात." दोन महिने मोठं काम नाही, कारागिराचा पगारही उधारीवर.

वाकल्या, हे खरं. का वाकल्या, हे कुणी विचारलं नाही.

कोऱ्या चादरीत खळ असते. खळीवर चिकट नीट बसत नाही आणि कसरीला आयतं खाद्य मिळतं. शिवाय न धुतलेलं सुती कापड ओलं झालं की आटतं. पाणी असलेला पांढरा गम लावून ते ताणलेल्या कॅनव्हासवर बसवलं, की वाळताना ते कॅनव्हासला सोबत घेऊन आत खेचतं. आमची पट्टी पाऊण इंचाची, मधे आडवी पट्टी नाही. चार फुटांच्या लांबीला ती कशी टिकणार? तेवढी चूक आमची.

दुरुस्ती अशी केली. कोमट पाण्याच्या फडक्यानं गम फुगवून तुकडे सोडवले. ते रात्रभर गरम पाण्यात भिजवले, सकाळी चोळून धुतले. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब कापडावर टाकायचा; निळा-काळा झाला तर खळ शिल्लक आहे. तिसऱ्या धुण्याला थेंब तपकिरीच राहिला. वाळवून इस्त्री केली, मागून ॲक्रिलिक मीडियमचे (म्हणजे रंग न घातलेल्या ॲक्रिलिकचे) दोन पातळ हात दिले, म्हणजे चादरीचा लाल रंग पांढऱ्या भागात उतरत नाही. मग जेल मीडियमनं, म्हणजे त्याच्याच घट्ट प्रकारानं चिकटवून, वर बटर पेपर ठेवून, रात्रभर वजन. कॅनव्हास ९ मिलिमीटरच्या प्लायवर घेतले आणि प्लायला दोन्ही बाजूंनी सीलर मारला. एकाच बाजूला मारला तर प्लाय पापडासारखा वळतो.

पुढची वर्षं सुरळीत गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

पिकासोनं १९१२ मध्ये वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) चित्रावर चिकटवलं आणि फ्रेमच्या जागी भोवती दोर लावला. त्याला फ्रेमवाल्याची गरज पडली नाही, तुम्हाला पडेल, म्हणून सांगतो. तीन फुटांहून मोठ्या कॅनव्हासला दीड इंचाची पट्टी आणि मधे आडवी पट्टी घ्या. दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे भरले तरच स्टेपल मारा, तेही बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे. काच हवी असेल तर काच आणि चादर यांच्यात आतून पट्टी देऊन अंतर ठेवा. तेलरंगावर ॲक्रिलिक चढवू नका, पापुद्रे निघतील, उलट चालतं. आणि मे महिन्यात ॲक्रिलिकचं काम थेट बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत टाकू नका. आपल्या उन्हात रंग मऊ पडतो आणि गोळ्यांचे ठसे चित्रावर उमटतात. आधी सिलिकॉनचा कागद, मग बबल रॅप, गोळ्या बाहेरच्या बाजूला.

बाई आता वापरून मऊ झालेल्या चादरीच मागतात. मंगळवार बाजारातून जुनी मिळाली की आधी आयोडीनचा थेंब, मग भाव.

गेल्या पावसाळ्यात त्याच पलीकडच्या दुकानाची फ्रेम आमच्याकडे दुरुस्तीला आली. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची पट्टी, ओलीनं फुगलेले चारही कोपरे. आम्ही पाइनची पट्टी लावून दिली आणि पूर्ण पैसे घेतले.