ट्यूब बंद, पण कशामुळे?

"पाळी किती दिवस असते?"
"एकच दिवस. तेही नुसते डाग."

"आम्हाला हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलंच नाही," शेजारी बसलेल्या सासूबाई मधेच बोलल्या. ती खाली मान घालून बसली.

मी मुंबईतल्या महापालिकेच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. ती मानखुर्दची, लग्नाला काही वर्षं झालेली. फाइल ही जाडजूड. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा हार्मोनच्या तपासण्या झालेल्या, बीज फुटण्याच्या गोळ्या झालेल्या, बीज वाढतंय का ते पाहणाऱ्या फॉलिक्युलर स्टडीच्या सोनोग्राफ्या झालेल्या. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र कुठेच सापडेना. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं आणि ही तपासणी सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त. तरी आधी बाईलाच टेबलावर घेतात. मला याचा अजूनही संताप येतो.

बाहेरून काढलेल्या एचएसजीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीत डाय (रंगद्रव) सोडून घेतलेल्या एक्स-रेच्या रिपोर्टवर एवढंच होतं: दोन्ही ट्यूब (बीज पिशवीपर्यंत नेणाऱ्या नळ्या) बंद, आयव्हीएफचा (शरीराबाहेर गर्भ तयार करून पिशवीत सोडण्याचा) सल्ला. बंद का झाल्या, याबद्दल अवाक्षर नाही. मी फिल्म व्ह्यू-बॉक्सवर लावली. निरोगी ट्यूब नागमोडी दिसते आणि टोकाशी डाय सांडून पोटात पसरतो. हिच्या ट्यूब ताठ, मधे मधे फुगलेल्या-आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या. डाय बाहेर पडलाच नव्हता.

"घरात कुणाला टीबी झाला होता का?"

तिने सासूकडे पाहिलं. "मला झाला होता," सासूबाई म्हणाल्या. "पण गोळ्या पूर्ण घेतल्या हो मी. तेव्हा हिचं नवंनवंच लग्न झालेलं."

टीबीचे जंतू फुफ्फुसात शिरतात आणि तिथून रक्तावाटे ट्यूबपर्यंत पोहोचू शकतात. मग वर्षानुवर्षं गुपचूप बसतात. खोकला नाही, ताप नाही, कित्येकींचा छातीचा एक्स-रेही स्वच्छ. पाळी कमी होते, कधी ओटीपोट दुखतं, नाहीतर मूल राहत नाही एवढीच तक्रार. जंतू गर्भाशयाच्या अस्तरात गेले तर पिशवी आतून चिकटू लागते.

पाळीच्या थोडं आधी तिला बोलावून अस्तराचा तुकडा काढला. दर पाळीला अस्तर गळून जातं, त्यामुळे आजाराच्या खुणा या दिवसांत सापडण्याची शक्यता जास्त. तुकड्याचे दोन भाग केले: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला). फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरमध्ये काय वाढणार? घाईगर्दीत दोन्ही भाग एकाच बाटलीत जातात, म्हणून बाटल्यांवर नाव लिहून होईपर्यंत मी सिस्टरांजवळ उभी राहते.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं. या जागी जंतू थोडेच असतात, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं होत नाही. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे बारीक पुंजके) सापडले आणि फिल्म तर समोरच होती.

निदान सांगितलं त्या दिवशी सासूबाईंचा आवाजच बसला. "म्हणजे माझ्यामुळे झालं का हो, मॅडम?" इतकी वर्षं सुनेला बोल लावणारी ती बाई पदराचं टोक पिळत होती. "हो" म्हणणं सोपं होतं, पण ते खरं ठरलं नसतं. मी म्हटलं, "मावशी, कुणाकडून आला ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्याकडे खोल्या किती खेटून आहेत, हवा कुठून येते, तुम्हीच बघा. लोकलमध्ये, माहेरी, कुठेही लागला असेल." सून तेवढ्यात म्हणाली, "आई, तुम्ही गोळ्या घेतल्यात ना? मीही घेईन."

औषधं सहा महिन्यांची आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस, पण नजर धूसर वाटली तर लगेच ये, असं बजावलं. नवऱ्याची तपासणी तेव्हाच करून घेतली, नॉर्मल निघाली.

कोर्स पूर्ण झाला, पाळी थोडी सुधारली. दुर्बिणीतून पाहिलं तर पिशवीत बारीक चिकटे होते, ते सोडवले. ट्यूब मात्र गेल्या त्या गेल्याच. औषधाने टीबी बरा होतो, खराब झालेली ट्यूब सहसा पूर्ववत होत नाही. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

तेव्हा आयव्हीएफ लागणारच. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्याही ट्यूब बंदच होत्या. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी ६ ऑगस्ट १९८६ला ते करून दाखवलं. पण टीबी अंगात ठेवून गर्भ सोडला असता तर तो रुजणं कठीण होतं, आणि पैसे तर आधीच गेले असते. आता तिचं अस्तर किती जाड होतं ते आम्ही पाहतो आहोत. पैशांची जुळवाजुळव नवरा आणि सासूबाई करताहेत.