गेरूच्या रंगाची भिंत

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासात गेली आणि नव्या घराची किल्ली हाती आली, तेव्हा सगळ्या भिंती एकाच फिकट पांढऱ्या रंगाच्या होत्या. शोभेच्या वस्तूंची दुकाने पालथी घालण्याआधी माळ्यावरून उतरवलेली खोकी उघडावीत, असे मी ठरवले. त्यांतून आजीची समई, दोन पितळी तांबे, सावंतवाडीची लाकडी रंगीत फळे आणि आजोबांनी डहाणूहून आणलेले एक वारली चित्र निघाले.

दिवाणखान्याचा रंग त्या चित्रानेच ठरवला. वारली घरांत कारवीच्या कुडाला शेणमातीने सारवून त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने, टोक चेचून कुंचल्यासारख्या केलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी मंगलचित्र, मांडतात आणि त्यात पालघाट देवी असते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला विधीच्या चौकटीबाहेर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या चित्रात देवी आहे, ते पायपुसण्यावर छापलेले पाहिले की मला अवघडल्यासारखे होते.

गेरूचा रंग मात्र डब्यावरील नमुन्यावरून निवडता येत नाही. आमची खोली पश्चिमेकडे उघडते. दुपारी चारनंतर तिथे पिवळसर ऊन येते आणि तोच रंग विटेसारखा भडक दिसू लागतो. म्हणून भिंतीवर दोन फुटांचे तीन पट्टे मारून घेतले, सकाळी, संध्याकाळी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात आठवडाभर पाहिले आणि सर्वांत मळकट वाटणारा पट्टा निवडला. रंगाऱ्याला ही निवड पटली नाही. बाकीच्या तीन भिंती तशाच पांढऱ्या ठेवल्या, कारण चारही भिंती गेरूच्या केल्या असत्या तर एवढीशी खोली अंधारून गेली असती.

चित्र लावताना माझी एक चूक झाली. ते मी प्रथम बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर टांगले, आणि ठाण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून कागदाच्या कडेला बुरशीचे ठिपके उमटले. चौकटवाल्याने काच आणि कागद यांच्यात अंतर राहील असा माउंट घातला, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, आणि चित्र आतल्या भिंतीवर हलवायला सांगितले. गेरूची भिंत आतलीच असल्याने ते अखेर जिथे जायचे तिथेच गेले. आता त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे चार फुटांवर आहे, कारण आमच्याकडे पाहुणे भारतीय बैठकीवरच बसतात.

समई चिंचेने घासून लखलखीत ठेवते, तांब्यांवरची काळसर झाक मात्र मुद्दाम राहू दिली आहे. सावंतवाडीची फळे पश्चिमेच्या उन्हात फिकी पडू लागली, म्हणून ती आता आईच्या खोलीतल्या फडताळात आहेत.