तुम्ही विचारलंत म्हणून : "माहेर हिंजवडीचं? मग तुम्हाला किती मिळाले?"

ऑफिसात कोणी नवीन आलं की माहेर कुठलं विचारतं, मी हिंजवडी म्हणते आणि पुढचा प्रश्न ठरलेला. जमिनीचे किती मिळाले? तर एकदाच लिहून टाकते. एक पैठणी, पाच ग्रॅमची अंगठी आणि रजिस्ट्रेशन झाल्यावर एक प्लेट मिसळ.

माझं लग्न १९९१ चं. तेव्हा आमची भातखाचरं होती, दोन म्हशी होत्या, चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघायचं आणि जमीन विकली म्हणजे घराण्याला बट्टा. मग आयटी पार्क आलं, एमआयडीसीने काही जमीन घेतली आणि उरलेलीचा भाव लोक एकराऐवजी गुंठ्यात बोलायला लागले. एक गुंठा १०८९ चौरस फूट, एकराचे ४०. माझ्या आईला सही येत नव्हती पण हे गणित पाठ झालं होतं.

गुंठामंत्री, म्हणजे गुंठे विकून एकदम श्रीमंत झालेला, हा शब्द तुम्ही हसून म्हणता ना, माझा भाऊ त्यातलाच. पांढरी स्कॉर्पिओ, गळ्यात साखळदंडासारखी चेन, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स. पण कसंय, दहावी नापास माणसाच्या हातात एकदम एवढा चेक आला, बँकेचा मॅनेजर उठून चहा पाजायला लागला आणि पैसा ठेवायचा कुठे हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. हडपसरला मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच कंपनी काढली, त्यात त्यांचे शेअर राहिले. आमच्याकडे तेवढी एकी कुठली, इथे बांधावरून कोर्टात गेलेले लोक.

आता पैठणी-अंगठीच्या बदल्यात केलेल्या सहीचं. १९९४ ला आपल्या राज्याने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, पण लग्न झालेल्या आम्ही त्यात नव्हतो. २००५ ला केंद्राचा कायदा बदलला, त्यात आम्हीही आलो, आणि बिल्डरचे वकील म्हणायला लागले बहिणींच्या सह्या आणा. त्या वर्षी मुळशीतल्या किती बहिणींना भाऊबीजेला गाडी न्यायला आली असेल देव जाणे! चार वर्षं न आलेला माझा भाऊ पेढे घेऊन दारात. हक्कसोडपत्र, म्हणजे माझा वाटा सोडल्याचा कागद, कोणी वाचून दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा ठेवा, झालं. पुसायला वहिनीने आपला रुमाल दिला, लेस लावलेला, आणि मला वाटलं याला शाई लागेल म्हणून मी पदरालाच पुसला. का केली सही, हेही विचारतात. माहेर तुटू नये म्हणून. जिने केली नाही त्या माझ्या चुलत बहिणीला आईच्या दहाव्यालाही निरोप गेला नाही.

२००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन नावाची मोठी बँक बुडाली. भावाला लेहमन काय माहीत, त्याला एवढंच कळलं की बिल्डर फोन उचलत नाही आणि तिसरा हप्ता येत नाही. पुढच्या वर्षी फायनान्सवाले स्कॉर्पिओ घेऊन गेले. पावसाळ्यात मी गेले तर वाढदिवसाचा फ्लेक्स म्हशीच्या गोठ्यावर पसरलेला, भावाचा चेहरा उलटा, आतून दिसणारा. दोघंही हसलो, लई दिवसांनी.

मग पुन्हा बरे दिवस आले. कर्ज काढून त्याने वीस खोल्या बांधल्या, आयटीची पोरं भाड्याने, वहिनीची मेस. आंबेमोहोर पिकवणारं घर, पण मेसला कोलमचं पोतं विकत. २०२० च्या मार्चमध्ये पोरं लॅपटॉप घेऊन गावाला गेली ती वर्क फ्रॉम होममुळे परत आलीच नाहीत, काहींच्या गाद्या न् बादल्या वर्षभर तशाच पडून. हप्ता मात्र दर महिन्याला. तेव्हा भाऊ माझ्याकडे आला, पेढ्यांशिवाय, आणि मी माझ्या पाटल्या गहाण ठेवायला दिल्या. नवरा दोन दिवस बोलला नाही. पाटल्या सुटल्या पण, तीन वर्षांनी.

आता माण ते शिवाजीनगर मेट्रोमुळे परत जमिनीच्या भावाची चर्चा सुरू आहे. डोंगराकडचा चार गुंठ्यांचा तुकडा तेव्हा कागदात घ्यायचा राहून गेला होता, सातबाऱ्यावर आम्हा बहिणींची नावं आहेत अजून. परवा भाच्याचा फोन आला, "आत्या, एक छोटीशी सही लागेल."

म्हटलं, कागद आधी व्हॉट्सॲपवर पाठव, वाचते. निळ्या टिका आल्यात, कागद नाही आला.